रज्जाकचाचांचे हात

रज्जाक शिकलगार या माणसाने एका कंपनीत बत्तीस वर्षं काढली आणि त्यातली शेवटची दीड वर्षं जेवणाच्या सुट्टीत एकट्याने डबा खाल्ला. ती दीड वर्षं माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागले तर तुम्ही सावध राहाल. मला स्वतःची बाजू फार छान मांडता येते. नोकरी त्याच जोरावर लागली आहे.

मी ऋतुजा, वाघोलीची. आमच्या शेतावर आता सात इमारती उभ्या आहेत आणि त्यातली एकही आमची नाही, तेव्हा शिकून नोकरी करणं हा काही माझा छंद नव्हता. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष संपलं आणि नगर रोडवरच्या एका बड्या कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. आम्ही चौदा जण होतो आणि त्यातल्या दोघांनाच शेवटी नोकरीचं पत्र मिळणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. त्यामुळे पहिल्याच दिवसापासून आम्ही चौदाही जण एकमेकांशी फार गोड बोलायला लागलो.

कंपनीची बस विश्रांतवाडीहून निघून धानोरी, लोहगाव करत वाघोलीला यायची. तोवर ती भरलेली असायची. पहिल्या दिवशी मी दांडा धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसलेल्या एका पिकल्या दाढीच्या माणसाने शेजारच्या सीटवरची डब्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाले, "बस बेटा." तिसऱ्या दिवसापासून ती पिशवी विश्रांतवाडीपासून वाघोलीपर्यंत माझी जागा धरून बसायची. कुणी विचारलं तर चाचा म्हणायचे, "इंजिनिअर येणार आहे." मी काही इंजिनिअर नव्हते. पण ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्यांचे वडील कॅम्पात सायकलला चाक लावून कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचे. रज्जाकचाचा सव्विसाव्या वर्षी कंपनीत चिकटले. त्यांची मुलगी आलिमा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लग्न होऊन मिरजेला गेलेली. "तिला डिप्लोमाला घालायचं होतं, नाही जमलं," एवढंच ते एकदा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटतं माझी जागा तिथूनच धरली गेली होती.

माझं नशीब असं, की मला प्रोजेक्ट मिळाला तो त्यांच्याच लाईनवर. वायपरची मोटर जोडायची लाईन, सहा माणसं, सहा स्टेशनं. मोटर पहिल्या स्टेशनवरून निघते, प्रत्येक जण आपला भाग बसवून पुढे सरकवतो, सहाव्यावर तपासून खोक्यात जाते. मी हातात घड्याळ घेऊन प्रत्येकाला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि तो कमी कसा होईल ते सांगायचं. म्हणजे तीस वर्षं काम करणाऱ्याला काम कसं करायचं ते वीस वर्षांच्या मुलीने सांगायचं. कंपन्यांमध्ये याला शिक्षण म्हणतात.

सहावं स्टेशन सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं होतं, कारण तिथे स्टूल होतं. बाकी पाच जागी उभं राहूनच काम. कागदावर प्रत्येकाची जागा ठरलेली, पण लाईनने आपापसात पद्धत पाडली होती. दर तासाला सगळे एक-एक जागा पुढे सरकायचे. त्यामुळे प्रत्येकाला दिवसातून एकदा तरी तासभर टेकायला मिळायचं. बापूरावांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या, त्यांना दोनदा. बापूराव आमच्याच बाजूचे, केसनंदचे, गळ्यात माळ, जिभेवर फटका. मी पहिल्यांदा घड्याळ घेऊन उभी राहिले तेव्हा म्हणाले, "मोजा मोजा. आमचं वजनबी करा."

तीन आठवडे मोजलं. एक मोटर पूर्ण व्हायला साडेपाच मिनिटं. सकाळी साडेपाच, दुपारी साडेपाच, सोमवारी, शनिवारी, सगळं साडेपाच. कंपनीच्या जुन्या कागदातही साडेपाचच होतं. मी ते नेऊन समाधान सरांना दाखवलं. समाधान सर म्हणजे आमचे गाईड, इस्त्रीचा शर्ट आणि त्याहून कडक जीभ. त्यांनी तीन पानं उलटली आणि म्हणाले, "वा. म्हणजे आपण महिनाभर उन्हातान्हात येऊन शोधून काढलंत, की लाईन जशी आहे तशी उत्तम आहे. हे मला घरी बसून माहीत होतं हो."

संध्याकाळी बसमध्ये मी ती पानं मुठीत चुरगाळत बसले. चाचांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझा बांध फुटला आणि सगळी मळमळ बाहेर पडली. बाकीच्या तेरा जणांचे प्रोजेक्ट, ती दोन पत्रं, घरचं, दारचं. ते ऐकत राहिले. वाघोली आली तेव्हा म्हणाले, "उद्या जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं थांब."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, बाकीचे हात धुवायला निघाले. चाचा मागे थांबले. बापूराव दारापाशी रेंगाळत होते. चाचा पहिल्या स्टेशनपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "शिकायला आलीस ना? मग बघ. पण हे तुझ्या डोळ्यांसाठी. कागदासाठी नाही. घड्याळ ठेव बाजूला."

मी घड्याळ ठेवलं.

"आणि फोन?"

इंटर्नना कामाचं चित्रीकरण करायची परवानगी होती. माझा फोन स्टँडवर लावलेला होता, सकाळपासूनच. मी तिकडे बघितलं. पडद्यावरचा लाल ठिपका मला स्वच्छ दिसला. मी म्हटलं, "बंद आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग खिशातून सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं काढून उजव्या अंगठ्यात चढवलं आणि कामाला लागले.

तसं काम मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि आता मी रोज लाईनवर असते तरी नंतरही बघितलेलं नाही. त्या रबराला वॉशर आपोआप चिकटून यायचे. डावा हात पुढचा स्क्रू घेतोय तोवर उजव्याने आधीचा आवळून झालेला असायचा. एकच मोटर घेऊन ते एकटेच पहिल्यापासून सहाव्यापर्यंत चालत गेले. घाई कुठेच नव्हती. सहाव्या स्टेशनवर स्टुलाकडे न बघता उभ्या-उभ्याच तपासून मोटर खोक्यात ठेवली. मग कडं काढून खिशात टाकलं. "झालं. आता कळलं का, हात आणि घड्याळ यांचं कसं असतं? घड्याळ आलं की हात जड होतात. व्हावे लागतात. ती उरलेली मिनिटं आमच्या पायांची आहेत बेटा."

मी मान हलवली. मला सगळं कळलं होतं. नीट, व्यवस्थित कळलं होतं, हेच तर माझं दुखणं आहे. नकळत झालं असतं तर आज मी हे लिहीत बसले नसते.

रविवारी दुपारी घरी तो व्हिडिओ उघडला. अख्खी मोटर चार मिनिटं सहा सेकंदांत. मी आधी स्वतःला सांगितलं, की नुसता अभ्यासासाठी बघतेय. मग म्हटलं, आकडा लिहून ठेवायला काय हरकत आहे. मग म्हटलं, चाचांचं नाव कुठे येतंय. चेहरा कापला की झालं. चहा निवला, आई दोनदा हाक मारून गेली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या प्रेझेंटेशनमध्ये फक्त हात उरले होते. चेहरा कापताना मला अगदी सज्जन असल्यासारखं वाटत होतं. लाज सोडली की माणूस किती हुशार होतो ते मी त्या रविवारी बघितलं.

प्रेझेंटेशन झालं. समाधान सरांनी तो व्हिडिओ तीनदा लावला. पहिल्यांदाच माझ्या नावापुढे जी लावून म्हणाले, "ऋतुजाजी, हे तुम्ही महिनाभर लपवून ठेवलं होतंत की काय?" मोठे साहेब हसले. पंधरा दिवसांनी पत्र माझ्या हातात होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेढे वाटले. एक पेढा मी खाल्लाही.

त्याआधी, माझ्या इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळच्या मीटिंगला लाईनसमोरच्या टीव्हीवर तो व्हिडिओ लागला. कामाची उत्तम पद्धत म्हणून. सहाही जण समोर उभे. पडद्यावर नुसते दोन हात, अंगठ्यात सायकलच्या ट्यूबचं कडं. मी चेहरा कापला होता, पण सव्वीस वर्षं शेजारी उभं राहून काम करणाऱ्याला चेहरा कशाला लागतो? बापूराव पडद्याकडे बघत होते, मग त्यांनी चाचांकडे बघितलं, मग खाली बघितलं. समाधान सर सांगत होते, पुढच्या महिन्यापासून पाच स्टेशनं, टार्गेट तेच. पाचवं-सहावं एकत्र. बसायची गरज नाही, व्हिडिओत दिसतंच आहे. माणसं जागा बदलणार नाहीत, त्यात वेळ जातो.

सहांतल्या साईनाथला पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला पाठवलं. स्टूल समाधान सरांच्या केबिनमध्ये गेलं, त्यावर आता प्रिंटर आहे. आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधल्या त्यांच्या नेहमीच्या टेबलावर चौघेच बसायला लागले.

या टेबलाचं महत्त्व सांगायला हवं. सगळे डबे मध्ये उघडायचे आणि सगळ्यांनी सगळ्यातलं खायचं, ही त्यांची रीत. चाचांच्या घरून दोन डबे यायचे. एक सगळ्यांसाठी. दुसरा लहान, बापूरावांसाठी वेगळ्या भांड्यात केलेला, कारण बापूराव माळकरी. हुस्नबानूचाचींनी सव्वीस वर्षांत एकदाही तो लहान डबा चुकवला नव्हता. आता चाचा खिडकीजवळच्या टेबलावर एकटे बसायचे. लहान डबा तरीही यायचा. तो उघडला जायचा नाही आणि तसाच परत जायचा.

वर्षभराने मी कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी बसमध्ये चढले तर पिशवी सीटवर होती. चाचांनी ती उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाले, "ये इंजिनिअर." मला तिथेच उतरून पळावंसं वाटलं. त्यांनी काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधीच नाही. जेवलीस का, आई बरी आहे का, एवढंच. मला त्यांचा राग यायला लागला. का विचारत नाही हा माणूस? एकदा तरी खडसावून विचारा, मी रडेन, माफी मागेन, सुटेन. अपराध मी केला होता आणि चिडचिड त्यांच्यावर करत होते. दोन महिन्यांनी स्कूटर घेतली आणि बस सोडली. सगळ्यांना सांगितलं, बसने उशीर होतो.

जानेवारीच्या शेवटी चाचा निवृत्त झाले. लाईनची एक पद्धत आहे. निवृत्त होणाऱ्याला सगळी लाईन कंपनीच्या बसने घरापर्यंत सोडायला जाते, गळ्यात हार, शेजारी सगळ्यात जुना सोबती, आणि त्याच्या घरी सगळे जेवतात. चाचांनी अशा कितीतरी माणसांना घरी सोडलं होतं. प्रत्येक वेळी हार घेऊन शेजारी तेच बसलेले. त्या दिवशी ऑफिसात सत्कार झाला, घड्याळ दिलं, मोठे साहेब दोन शब्द बोलले. त्यांना घड्याळच का द्यावं, देव जाणे. मग पाच वाजता मी खाली आले तर चाचा हार हातात घेऊन बसकडे एकटेच चालले होते.

स्कूटर तिथेच सोडून मी बसमध्ये चढले. शेजारी बसले. पिशवी त्यांच्या मांडीवरच होती.

विश्रांतवाडीत त्यांच्या घराच्या जिन्यावर चपला काढायला जागा मोकळी करून ठेवली होती. आत सतरंज्या अंथरलेल्या. हुस्नबानूचाचींनी मोठं पातेलंभर मटण केलं होतं, खीर केली होती, आणि शेगडीपासून लांब, वेगळ्या भांड्यात वांग्याचं भरीत. "बापूभाऊंचं वेगळं ठेवलंय," त्या म्हणाल्या आणि माझ्यामागे दाराकडे बघायला लागल्या.

"ओव्हरटाइम आहे सगळ्यांना," चाचा म्हणाले. "टार्गेट फार वाढलंय."

"आजच्या दिवशी पण?"

"काम ते काम."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. दीड वर्षं न उघडलेला लहान डबा परत जात होता, त्याचं काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. सगळ्या लाईनसाठी अंथरलेल्या त्या सतरंज्यांवर मी एकटी जेवायला बसले. चाची वाढत होत्या आणि सांगत होत्या, "हे रोज सांगायचे, माझ्या लाईनवर शिकून पोरगी इंजिनिअर झाली." शेवटी मी म्हटलं, "चाचा, त्या दिवशी तो फोन..."

"खीर घे अजून," ते म्हणाले.

"चाचा, मी—"

"घे गं. तिने इलायची जास्त टाकली आहे, बघ तुला आवडते का."

निघताना चाचींनी तीन डबे भरून माझ्या हातात दिले. "उद्या त्यांना दे. ओव्हरटाइम करून बिचाऱ्यांना उपाशी ठेवतात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते तीन डबे घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले. आता चार माणसं, चाचांच्या जागी आलेला अजून त्यांच्यात बसत नव्हता. डबे मांडले. लहान डबा बापूरावांसमोर ठेवला. कुणी हात लावला नाही. मग मी उभ्यानेच बोलले, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं. "चाचांची चूक नाही. त्यांनी मला फोन बंद करायला सांगितलं होतं. मी बंद आहे म्हणाले. चालू होता. मी खोटं बोलले."

बापूराव लहान डब्याकडे बघत होते. "ठावं हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"म्या दारात हुतो की. लाल टिपका मला दिसत हुता, त्याला दिसला नसंल व्हय? हात धुताना म्या त्याला म्हनलं, रज्जाक, फोन चालू हाय, जा आन् पुसून घे. तर म्हनला, चालू हाय ते मला दिसलंय. पन म्या पोरीला खोटारडी म्हननार न्हाई. पोरगी आपली हाय, दाखवायची न्हाई." त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि बाजूला ठेवलं. "आमी सव्वीस वरसं संगं जेवलो. आन् त्यानं आमच्या पायांपरीस तुजा शब्द मोठा धरला. त्यो राग हुता आमचा."

बाकीचे तिघे माझ्याकडे बघत नव्हते. बापूरावांनी भाकरी मोडली, भरताला लावली आणि तोंडात घातली. बराच वेळ चावत राहिले. मग मटणाचा डबा त्या तिघांकडे सरकवला. चौघेही जेवायला लागले. खीर मध्ये ठेवली. मला कुणी बस म्हणालं नाही.

खाऊन झाल्यावर बापूरावांनी रुमालाने तोंड पुसलं. "उद्या सुट्टी हाय. आमी समदे जातो त्याच्याकडं," ते म्हणाले. "तू नगं येऊस. डबं तेवढं धुऊन दे."

मी कँटीनच्या नळावर तिन्ही डबे घासून धुतले, कोरडे केले आणि बापूरावांच्या हातात दिले.